सुनयनाचं सहावीतलं नाव

जैनथच्या थांब्यावर एक आजोबा-आजी माझ्या पुढ्यात बसची वाट पाहत होते.

"देवका, नात पाचवी पास झाली. पुरे आता शाळा. कापूस वेचाले हात पाह्यजेत."

"अवो, त्या दिवशी तुमी आदिलाबादले निघाले अन् भीमपूरले काऊन उतरले?"

"पाटी तेलुगूत होती वं."

"सुनयनानं वाचली असती."

"तुले तरी कुठं वाचता येते?"

"मले कोनी शाळेत घातलंच नाही. पोरीवर तरी ती पाळी नोका आनू."

"सहावीची शाळा दूर हाय."

"बसनं जाईन. तिची बस नाही चुकत."

आजोबा हसले.

"बरं, उद्या नाव टाकतो. पन फारम कोन भरन?"

"सुनयनाच भरन. तुमी निस्ता अंगठा द्या."