अंड्यावरचं भांडण

खाण्यापिण्यावर पेपरात रोज उलटसुलट येतं, खरं काय ते ओळखायचं कसं, असं कोणी मला विचारलं की मी वाळव्याकडच्या आबांचं नाव सांगते. मी डाएटिशियन असूनही.

आबांच्या हृदयात स्टेंट बसवून सहा महिने झालेले. सांगलीला माझ्याकडे पाचव्यांदा आले ते दोन कात्रणं घेऊनच. एकात अंडी हृदयाला वाईट, दुसऱ्यात अंड्यानं काही होत नाही. घरात सून एक कात्रण धरून बसलेली, आबा दुसरं.

मी समजावायला लागले, तर मला थांबवून म्हणाले, "म्याडम, अंडी खानारी मानसं अंड्यासंगं काय खात हुती? आन ज्यांनी सोडली, त्यांनी त्या जागी काय खाल्लं?"

हा प्रश्न विचारायचा असतो हे मी कॉलेजात जाऊन शिकले होते.

"आबा, हे कसं सुचलं तुम्हाला?"

"खतवाला दरसाली ऊस दावाय नेतो. आमच्या खतानं आलाय म्हनतो. मी पयलं बघतो, पाट कुठनं गेलाय. पाटाकडंचा ऊस बिनखताचाबी येतोय की."

"मग अंड्याचं काय?"

"त्ये भांडन मिटंल तवा मिटंल. पन खाली दोन्ही कात्रनांत एकच लिवलंय. तितं भांडन न्हाई."

आणि त्यांनी खिशातली तंबाखूची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

आधीच्या चार भेटींत मी चारदा विचारलं होतं, तंबाखू खाता का. चारही वेळा आबा शांतपणे "न्हाई" म्हणाले होते.