सहाव्या मैलाच्या दगडावरची शर्यत

बंद कर ती गाडी, संभा! बंद कर म्हनते ना! आजाची गाडी पोत्याखालनं काढली न्हाई तवर बोरखिंडीत शर्यत लावताय व्हय रं? बसा खाली. सगळी बसा. आता ऐका.

त्या वाटेनं मी गेलीया. ह्याच गाडीवर, मागच्या शिटावर. मांडीवर संभाचा बाप, जालिंदर, सात म्हयन्याचा. अंगात ताप असा की लुगड्यातनं चटका बसत व्हता. दिवस मावळला आन् पोरानं डोळं फिरवलं. डागदर तालुक्याला, खिंडीपल्याड. ह्याचा आजा म्हनला, "भिऊ नगंस, पाऊन तासात पोचवतो." आता नाव घेते, कुनाला भ्यायचं? रंगराव!

गाडी बाकी खरी व्हती. खोटं कशाला बोलू? विलायती, पाचशे सीसीची, एकाच सिलिंडरची. अंगनात चालू केली की घरात भांडी वाजायची. तुमच्या आताच्या गाड्या नुसत्या बोंबलतात. ही बोंबलत नव्हती. रंगराव क्लच हळूहळू सोडायचा, ठोकं सावकाश पडायचं, आन् पाठीत कुनी रेटा दिल्यागत गाडी सुटायची. दोनदा मी मागनं पडलीया! सात गावांत त्याच्या म्होरं कुनी सुटलं नव्हतं. त्याचाच माज त्याला.

खिंडीच्या पायथ्याला सहाव्या मैलाचा दगड. तिथं एक जन उभा. घोंगडं पांघरलेला, बुडाखाली आपल्यासारखीच गाडी. दिवा न्हाई. म्हनला, "पावनं, लय नाव ऐकलंय तुमचं. दगडापासनं सुटायचं का?"

मी म्हनलं, "अवो, पोराकडं बघा!"

"अगं, तिकडंच जायचंय. जरा लवकर पोचू." बघा! बघा कसा बोलला!

सुटले. खडी उडाली. दुसरा गिअर पडेस्तवर घोंगडं पार मागं. रंगराव हसतोय. वळन घेतलं, आन् म्होरं काय? सहाव्या मैलाचा दगड! त्याच दगडापाशी त्योच मानूस. "नशिबानं जिंकलासा. परत?"

परत सुटले. परत जिंकला. परत दगड!

अरं, पाच येळा! मी वरडतीया, "अवो, चकवा हाय ह्यो! त्याचं चाक बघा, फिरत न्हाई!" खरंच फिरत नव्हतं. गाडी पळायची आन् चाक जाग्यावर थिजलेलं. रंगराव म्हनतो, "हरलेला मानूस मागतोय, न्हाई कसं म्हनू?" आग लागो त्या मर्दपनाला!

आन् पोर रडायचं थांबलं. ऐकताय का? थांबलं.

तवा त्यो शेजारी सरकला. "पावनं, गाडी जड सुटतीया. पोर माझ्याकडं द्या. वजन उतरलं की बघा कशी उचलती." घोंगड्यातनं हात निघाला. लांब झाला, आनखी लांब झाला, माझ्या मांडीपातुर आला. हिरीतल्या पान्यागत गार! आन् रंगराव? मागं वळून न बघता म्हनला, "दे गं जरा."

दे गं जरा!

माझं डोस्कं असं फिरलं, पन त्या रागातच उमगलं. चकवा हरून हरून फिरवतोय. जवर त्यो मागं, तवर आपन गोल गोल. त्याला फुडं घालवायला पायजे. आन् रंगराव तर मेला तरी हरनार न्हाई. मग मीच वाकले. एका हातानं पोर आवळलं. रंगरावनं क्लच सोडला, आन् मी प्लगची वायर उपटली!

असा झटका बसला की दात वाजलं. गाडी एक आचका देऊन बंद पडली. त्यो मातुर सुटला व्हता, त्याला थांबता येईना. फुडं गेला. आन् असा किंचाळला की खिंडीतली वटवाघळं उठली! किंचाळतच इझला. म्होरं रस्ता सरळ, आन् लांब तालुक्याचं दिवं.

वायर लावली, पोचलो. पोर जगलं. डागदर म्हनला, दोन तास आधी आनलं असतं तर डावा कान वाचला असता. संभा, तुझा बाप एका कानानं ऐकतो ती देवाची करनी न्हाई, समजलं?

आन् दवाखान्याच्या पायरीवर रंगराव मला काय म्हनावा? "तू वायर उपटलीस म्हनून हरलो." चाळीस वर्सं भाकऱ्या थापल्या त्याला. ते बोलनं मी माफ केलं न्हाई. मेला तरी केलं न्हाई.

त्या वाटेनं जाऊ नगासा. लांबचा वळसा हाय, तिकडनं जा. शेजारी कुनी येऊन उभं राहिलं, सुटायचं का म्हनलं, तर त्याला म्होरं जाऊ द्या. चकवा अजून तिथंच हाय. पन माझा राग त्याच्यावर न्हाई रं. भूत त्ये, हात फुडं करनारच. पन "दे गं" म्हनला त्यो पोराचा बाप व्हता.