गाय आणि हुण्णु

मूळचे कुठले म्हणून विचारताय, तर आमी बेंगळूरचेच. कुणी पूर्वज फौजेबरोबर इकडं आला म्हणे आणि इथंच राहिला, परत कुणी तिकडं गेलंच नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीतही कन्नड एवढं शिरलेलं की कुठलं कुणाचं ते आमालाच कळत नसे. वडील शिंपी, कॉटनपेटेत दुकान. मी नर्सचं शिकते म्हटल्यावर आत्यानं घर डोक्यावर घेतलं, लोकांचे घाणेरडे गाय धुणार का म्हणाली. हसलात ना? हसणारच. कन्नडमध्ये गाय म्हंजे जखम. आमच्यात बोट कापलं तरी गाय झालाय म्हणायचे, आणि दूध देणारी तीही गायच, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

नोकरी लागली राजाजीनगरात. तेव्हा ती नवी वस्ती, थोडी घरं, बाकी माळ. मी पिशवी घेऊन घरोघर जायची, बाळंतिणी बघायची, पट्ट्या बदलायची. त्याच सुमारास मेडिकल कॉलेजात पुण्याच्या एक प्रोफेसरबाई आल्या, सुमतीबाई. त्यांना कोडं पडलेलं, पायाच्या जुन्या जखमा घेऊन माणसं येतात ती पाय कापायची वेळ आल्यावरच, आधी का येत नाहीत? मोठे डॉक्टर म्हणाले, अडाणी लोक, दुसरं काय. बाईंना ते पटेना. मला म्हणाल्या, तुम्हाला घरं माहीत, मला पुस्तकं, चला बरोबर जाऊ. काय सांगू तुमाला, एवढं विचारणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. हे पान पायाला का बांधलंय, हा तांब्या दारातच का, ती म्हातारी कुठं निघाली. मी वैतागून म्हणायची, बाई, स्वल्प, जरा पाय उचला हो.

त्या मराठीत सांगायच्या, जखम आहे का विचारा, मी दारात कन्नडमध्ये विचारायची, गाय इदेया? आणि घरामागून घर इल्ल, इल्ल, इल्ल. नाही, नाही, नाही. बाई म्हणाल्या, मग ते सडलेले पाय काय आभाळातून पडतात?

तिथं यल्लम्मा म्हणून इस्त्रीवाली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, ही दिवसभर उभं राहून कोळशाची इस्त्री चालवायची, त्यावर घर चालायचं. तिनंही इल्ल म्हटलं. मी वळले, बाई हलेनात. म्हणाल्या, माशा तिच्या पायाशीच का घोंगावतायत बघा. मी म्हटलं यल्लम्मा, लुगडं वर घे. अगंबाई! घोट्याच्या वर तळहाताएवढं चिघळलेलं, पाऊल सुजून टम्म. माझं डोकंच फिरलं, विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस गं? तर ती माझ्यावरच उखडली, गाय कुठं आहे, मी पडले नाही, कुणी मारलं नाही, हे हुण्णु आहे, हुण्णु, आतून आलेलं, देवीनं दिलेलं. गाय झाला तर दवाखाना, हुण्णु घेऊन कुणी दवाखान्यात जातं का?

आमच्या घरात सगळ्यालाच गाय, हा फरक मला कोण सांगणार? बाईंना सांगितलं तर रागवायचं राहिलं बाजूला, त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, म्हणजे लोक खरंच बोलत होते, आपणच भलतं विचारत होतो. दुसऱ्या दिवसापासून हुण्णु विचारायला लागलो, तर ज्या दारांनी इल्ल म्हटलं होतं त्याच दारांतनं पाय पुढं यायला लागले.

यल्लम्माचं मात्र अवघड होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, सूज उतरली नाही तर पाय ठेवता येणार नाही. झोपून पाय वर ठेव म्हणावं तर चूल कशी पेटणार? ती म्हणाली, पाय कापण्यापेक्षा मला मारूनच टाका. मग आमी तिघी तिच्याच ओट्यावर बसून डोकं लढवलं. बाईंनी सांगितलं, पट्टी नुसती दुखऱ्या जागी नको, बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट, सकाळी पाय खाली टेकायच्या आधी. ती मी बांधायची. पण उभी राहिली की पुन्हा सूज. यल्लम्मा म्हणाली, बसून केली असती इस्त्री, पण मेज उंच पडतं ना. सरी, ठीकाय म्हटलं, बोलवा सुतार! शेवटी पाय कापलेच, पण मेजाचे. ती बसून इस्त्री करायला लागली, दुखरा पाय समोरच्या खोक्यावर. गिऱ्हाइकं चिडवायची, काय राणीसाहेब. म्हणू देत मेली.

रोज पट्टी सोडली की मी आधी जखमेची कड बघायची. बाई कॉलेजातली कामं टाकून यायच्या, वाकून वाकून बघायच्या, कड आत सरकली का हो? कधी सरकायची, कधी परत चिघळायचं, तेव्हा तिघींचीही तोंडं उतरायची. पण भरत आलं हो. नवी कातडी धरली.

त्या वर्षी बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेला यल्लम्मा दोन कोस पायी गेली. मी ओरडणारच होते, तर ती सरळ कॉलेजात आली आणि ओटीभर शेंगा बाईंच्या पुढ्यात ओतल्या, म्हणाली चालत जाऊन आणल्यात. बाई शेंगा फोडायला लागल्या आणि त्यांच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

आता माझंही वय झालं, बाई गेल्या, यल्लम्माही गेली, चांगली म्हातारी होऊन गेली. मी पोचले तेव्हा तिला अंगणात आणलं होतं. तिच्या लेकीनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आधी एकावर, मग मी पट्ट्या बांधलेल्या दुसऱ्यावर, आणि मला रडू आवरेना. मीही ठेवलं. देव सगळ्यांचं भलं करो.