खटका ओढण्याआधीची सही

जबाब देणार : वायरमन, कामावर सगळे 'दोनदा' म्हणतात, कारण मी प्रत्येक गोष्ट दोनदा बघतो. वय ६८ वर्षे, शिक्षण चौथी, काम इस्पितळात कंत्राटी वायरमन, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, इस्पितळाचे तपासणी अहवाल ज्या संगणकांत असतात ती खोली माझा पुतण्या सांभाळतो. ती नोकरी त्याला मी शब्द टाकून मिळवून दिली. खोलीच्या विजेचा मुख्य खटका माझ्याकडे असतो. नियम असा, की पुतण्याने आतले प्रोग्राम एकेक करून बंद करायचे, त्यांना हातातले काम संपवू द्यायचे, मग संगणक बंद करून माझ्या वहीत सही करायची. त्यानंतरच मी वीज तोडायची. याला वीस मिनिटे लागतात.

काल सकाळी अकरा वाजता केबल बदलायची होती. पुतण्या फोनवर बोलत बाहेर आला व म्हणाला, "ओढा काका."

मी म्हणालो, "संगणकांचे पंखे फिरतायत अजून. आवाज येतोय."

"पंख्यांचं काय घेऊन बसलात? आतलं सगळं बंद केलंय मी."

मी वही पुढे केली. तो म्हणाला, "घरच्या माणसाचीपण सही? उद्या काकूनं ताट वाढलं तरी पावती मागाल." केबलवाले हसले. मी वही मिटली आणि ११ वाजून ५ मिनिटांनी खटका ओढला. दुसऱ्यांदा विचारले नाही.

वीज आल्यावर प्रोग्राम सुरू होईनात. सकाळपासूनचे अहवाल गेले. ऐंशी रोग्यांचे रक्त पुन्हा काढावे लागले, त्यांत लहान मुले होती. मोठ्या डॉक्टरबाईंसमोर पुतण्या म्हणाला, "मी थांबा म्हणत होतो. वायरमननं ऐकलं नाही." त्याने मला 'काका' म्हटले नाही. मी वायरमन आहे हे खरे आहे. बाईंनी मला त्याच वेळी घरी पाठवले व माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली.

वही हजर करत आहे. कालच्या तारखेपुढे सहीची जागा कोरी आहे. आधीच्या पानांवर कुठेही कोरी नाही.

मला बारीक अक्षर दिसत नाही. माझे कागद आजवर पुतण्याच वाचून दाखवत असे. हा जबाब हवालदारांनी वाचून दाखवला. मी तो दुसऱ्यांदा वाचायला लावला. सांगितला तसाच लिहिला आहे. खाली सही केली आहे.