नववी बी

प्राजक्ता : फाशावर पाच पडले, बाबा. तुमचा आणखी एक जवान बाद.

सत्यवान : बाद? कबड्डी खेळतंव काय गो आपण? मेलो म्हण.

प्राजक्ता : युद्धखेळात 'बाद' म्हणायची पद्धत आहे. सोमवारी अकादमीत कॅडेटांना हा खेळ शिकवताना मी तेच म्हणणार.

सत्यवान : कॅप्टन झालंस म्हणान मालवणी इसारलंस?

प्राजक्ता : तुम्हीच मला बेळगावच्या शाळेत घातलंत. आणि आपल्या मालवणीत आज्ञा दिली तर ती शिवीसारखी ऐकू येते.

सत्यवान : ता ऱ्हवांदे. आता मेलो तो कोण?

प्राजक्ता : कोण म्हणजे? काजूची बी आहे ती. पुठ्ठ्याचे जवान मी पुण्यात विसरले, म्हणून आपल्याच बागेतल्या नऊ बिया मांडल्या.

सत्यवान : डाव्या दगडामागची मां? मगे तो गंगाराम. तेचो जबडो गेलो. माका कायतरी सांगूक बघी होतो, आणि तोंडातसून दात नि रगात भायर पडी होता. अर्धो तास लागलो तेका. तुझ्या फाशाक एक क्षण लागलो नाय.

प्राजक्ता : म्हणूनच तुम्हाला खेळायला बसवलं. ही तुमचीच टेकडी आहे, पंचवीस वर्षांपूर्वीची. वर मशीनगन, खाली तुम्ही नऊ जण, उजवीकडे ही घळ. चौथ्या फेरीत एक जवान हातगोळे घेऊन घळीतून वर जाऊ शकतो. आधीच्या दोन्ही डावांत तुम्ही कुणालाच पाठवलं नाहीत. दोन्ही वेळा नऊच्या नऊ बाद.

सत्यवान : आणि धाडलंय तर?

प्राजक्ता : तो एक जातो, मशीनगन थांबते, बाकीचे बहुतेक वाचतात. मी चाळीस वेळा खेळून पाहिलंय. तुमचा निर्णय अचूक होता, बाबा.

सत्यवान : माझो निर्णय? मगे ह्या कार्डार काय लिवलंस? वाच.

प्राजक्ता : 'चौथी फेरी. एक जवान स्वेच्छेने पुढे येतो.' म्हणजे बाबलीकाका. त्यांच्या शौर्याच्या मानपत्रात तसंच आहे, तुमच्याच जबानीवरून.

सत्यवान : कोण येवक नाय पुढे. मी इचारलंय, 'कोण जातलो?' सगळे जमनीक चिकटले. माझ्या कुशीक बाबली होतो. आमची घरां एका वईक, मधे फकत कुंपण, ल्हानपणी ह्योच बियो मांडून खेळलेले आमी. परक्याक मराक सांगूक माझी जीभ वळाक नाय, म्हणान घरच्याक सांगलंय. (एक बी घळीत सरकवून) 'बाबल्या, मेल्या, जा.'

प्राजक्ता : 'मेल्या' आपण सगळ्यांनाच म्हणतो. आई मांजरालासुद्धा म्हणते.

सत्यवान : मी त्या दिसापासून कोणाक म्हणूक नाय. तेना माझ्याकडे बघल्यान. हसलो. म्हणालो, 'अजून नाय.' आणि गेलो. एक गोळो आत टाकल्यान, दुसरो तेच्याच हातात फुटलो. आमी वर पोचलंव तेव्हा दगडार घड्याळ बांधलेलो हात होतो. बाकीचो बाबली एका कांबळ्यात मावलो. आत शत्रूचो एक पोरगो जितो होतो, पाय तुटलेले. एक हात वर करी होतो. मी तेच्यात संगीन घातलंय. तीनदा. दुसऱ्यांदाच मेललो तो.

प्राजक्ता : हे तुम्ही कधीच कुणाला सांगितलं नाहीत.

सत्यवान : आता सांगतंय. ता कार्ड बदल. लिव, 'नाव घेवन एकाक पाठव.' तुझ्या पोरांका बोट दाखवन नाव घेवक लाव.

प्राजक्ता : आणि आनंदीआजीच्या भिंतीवरचं मानपत्र? मुलगा स्वेच्छेने गेला, एवढ्याच शब्दाच्या आधारावर ती उभी आहे असं मला वाटतं. मी कार्ड बदललं, की तिच्या घरातला तो शब्द खोटा ठरतो. तिला सांगायची हिंमत आहे तुमच्यात?

सत्यवान : रोज वईपर्यंत जातंय. परत येतंय.

(हातात खाज्याची पुडी घेऊन आनंदीबाई पडवीत येतात.)

आनंदीबाई : चेडवा, ह्यां खाजां घे, पुण्याक न्हेवक. काल कट्ट्याच्या बाजारातसून आणलेलां. आणि सत्या, बियो मांडून काय बसलंस रे? वय काय तुझां?

सत्यवान : काकी, बस. बाबली आपणाहून गेलो नाय. मी तेका धाडलंय. नाव घेवन.

आनंदीबाई : काय म्हणालंस तेका?

सत्यवान : 'बाबल्या, मेल्या, जा.'

प्राजक्ता : आजी, पाणी आणू?

आनंदीबाई : नको. तो काय म्हणालो?

सत्यवान : 'अजून नाय.'

आनंदीबाई : तसोच होतो तो. माका उलट बोलल्याशिवाय कधी पाण्याक इहिरीर गेलो नाय.

प्राजक्ता : आजी, त्या मानपत्रात जे लिहिलंय...

आनंदीबाई : तू वाचून दाखवलेलंस माका. स्वेच्छेन. इतकी वर्सां त्या कागदाक मी इचारतंय, माझ्या झिलाक इच्छा कित्याक झाली? घरात म्हातारी आवस आसा, ह्यां तेका आठावलां नाय? आज कळलां. तेका जावचां नव्हतां.

सत्यवान : काकी, माका...

आनंदीबाई : माफी मागू नको. आज माझ्याकडे ती नाय. ह्या बियांतली माझी खंयची, ता सांग.

सत्यवान : ही. घळीतली.

आनंदीबाई : ही मी घराक न्हेतंय. तुमी उरलेल्या आठांनी खेळा.