तात्यांची फुगडी

मंडळी, ऐका! काल्याचा दिवस आहे, लाह्या-दही मिळणारच आहे, हंडीकडं बघू नका, इकडं बघा! एक सवाल टाकतो. पोरगं राबतं, पोरगी राबते. दोघांच्या हाताला काम, अंगात धमक, व्यसन नाही, उधळेपणा नाही. तरी दोघं गरीब! कसं काय? पैसा जातो कुठं?

का हो तात्या, खाली का बघताय? अजून गोष्ट सुरू पण झाली नाही!

तर आपले तात्या काळोखे. सप्त्याच्या कमिटीचे अध्यक्ष. एमआयडीसी आली, शेत गेलं, शेताच्या जागी इमारत उगवली! सगळ्या खोल्या भाड्यानं. फक्त वरची खोली रिकामी. का? तात्यांनी भाडंच असं सांगितलंय, की ऐकणारा जिन्यावरूनच माघारी! मग तिथं राहतं कोण? कबुतरं! तीही डिपॉझिट न देता!

सप्त्याच्या पहिल्या दिवशी तात्या देवळाच्या मांडवात उभे, शेजारी खानावळवाल्या अनसाअक्का. मागच्या खांबाला टेकून एक पोरगा, एक पोरगी. हरिपाठ चाललाय, अन् ही दोघं एका डब्यात जेवतायत, खुसूखुसू बोलतायत.

तात्या तापले. "अक्का, बघा ही थेरं! देवळात!"

"अहो, नवरा-बायको आहेत ती."

"ह्या! नवरा-बायको असती तर घरी बसली असती. देवळात कशाला बसतील?"

वा तात्या! लाखातलं बोललात! ध्यानात ठेवा हं मंडळी हे वाक्य.

अक्का म्हणाल्या, "लावता पैज?"

"लावतो! लग्नाची नसली, तर तुम्ही गावजेवणाच्या भाकरी एकट्यानं थापायच्या."

"अन् असली, तर काल्याला भर मांडवात माझ्याबरोबर फुगडी! धोतर खोचून!"

झाली पैज. पण खरं-खोटं करायचं कसं? तात्यांचं डोकं लई चालतं — भाड्याच्या कामात तर पळतंच! ते गेले खांबापाशी. गोड आवाज काढला, "बाळांनो, उद्या सकाळी पूजेला जोडपं हवंय. बसाल का?" मनात म्हणाले, देवापुढं खोटं बसायची कुणाची छाती होतीय? सकाळी दोघं पसार!

सकाळ झाली. पोरगा आला — दत्तहरी त्याचं नाव, परभणीकडचा. रात्रपाळी करून थेट, डोळे लाल. पोरगी आली, शिवकांता. दिवसपाळीच्या आधी, केस ओलेच. दोघं पाटावर बसली. भटजींनी उपरण्याची गाठ मारली. पोरीनं पदर सारखा केला, तो असा सराईत सुनेवाणी, की अक्का गालात हसल्या.

तरी तात्या हटेनात. "नाव घ्या! उखाण्याशिवाय पूजा नाही!" का? लग्नाची नसली तर इथंच अडखळेल! बायका सरसावल्या. घे गं, घे गं!

अन् पोरगी काय म्हणाली, मंडळी —

"चूल नाही, उंबरा नाही, माप कुठं ओलांडू?
दत्तहरीरावांचं नाव घेते, संसार कुठं मांडू?"

भटजींचा हात घंटेवरच थांबला.

अक्कांनी विचारलं, "अगं, राहता तरी कुठं?"

"हे कॉट बेसिसवर, पोरांच्या खोलीत. मी बायकांच्या हॉस्टेलात. लग्न झाल्यापासून असंच. माझी पाळी सुटती अन् यांची लागती, त्याच्यामधी इथं भेटतो. इथं कुणी भाडं मागत नाही, अक्का."

तात्या खाकरले. "मग खोली बघायची की!"

"बघितली की तात्या. तुमचीच! मी आले होते. तुम्ही म्हणालात, एकट्या बाईला देत नाही, नवरा आण."

दत्तहरी म्हणाला, "मी बी आलतो. मला म्हणालात, एकट्या पोराला देत नाही, बायको आण."

"अरे मग दोघं मिळून यायचं!"

"सुट्टी एका दिवशी येतच नाही, तात्या. अन् आलो असतो तरी काय? तुमचं भाडं दिलं, तर खायला दुसऱ्याच्या दारात जावं लागंल."

घ्या! नवरा हाकलला, बायको हाकलली, अन् मग देवळात बसली म्हणून तात्याच तापले! असा हिशेब फक्त घरमालकाला जमतो!

तात्यांच्या ओठावर आलं होतं, "बाजारात भाव चाललाय, मी काय करू?" तेवढ्यात अक्का हळूच म्हणाल्या, "तात्या, कबुतरं किती देतात हो?"

संपलं! तात्यांनी कमरेची किल्ली काढली. पोरीच्या हातात द्यायची लाज वाटली, म्हणून देवाच्या पायाशी ठेवली. म्हणाले, "उचल पोरी. आत्ता दोघं मिळून खाटांचं जेवढं मोजता, तेवढंच दे. डिपॉझिट नको. झाडून मात्र तूच घे, कबुतरांनी लई घाण केलीय."

आज सकाळी त्या खोलीच्या उंबऱ्यावर माप ठेवलं होतं. तांदूळ अक्कांचे. शिवकांतानं उजव्या पायानं लवंडलं, अन् दत्तहरी बाप्या गडी, पण जिन्यात तोंड फिरवून डोळे पुसत होता.

आता तुम्ही! हसताय काय? कुणाकुणाच्या माडीला कुलूप आहे? करा हात वर! एकही नाही? काल तर गल्लीगल्लीत पाट्या वाचल्या मी, "फक्त फॅमिलीसाठी"! अरे बाबांनो, फॅमिली काय आभाळातनं पडते? पोरांना दार उघडलं तर होईल ना! मघाचा सवाल आठवतो? त्यांचा पैसा कुठं जातो? आपल्याच खिशात येतो की हो! तो खिसा जरा सैल सोडा, एवढंच मागणं.

चला तात्या, उठा! गुडघा दुखतो? पैज लावताना नाही दुखला! धोतर खोचा. अक्का, पदर बांधा. शिवकांता, दत्तहरी, पुढं या, तुमचा घरमालक बघा! मृदंगवाले, उचला ठेका!

आहाहा! फिरले! टोपी गेली, चष्मा गेला! अक्का, दमानं, दमानं! हात सोडू नका हो — अजून बाकीच्या खोल्यांचं भाडं उतरवून घ्यायचंय त्यांच्याकडनं!