फुगवायचा टब

हार्डवेअरच्या दुकानात शिंपीणकाकू रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढचे आजोबा दुकानदाराशी बोलत होते.

“गरम पाण्याच्या फुगवायच्या टबाला लावायला ठिगळ द्या.”

“पुन्हा? साबणाचं पाणी लावून बघितलंत?”

“हो. शिवणीवर बुडबुडे येतात. एक भोक बुजवलं की दुसरीकडून हवा जाते.”

“शिवणच गेली म्हणजे काही खरं नाही, आजोबा. नवा घ्या.”

“नवा कशाला? आमच्या हिचं हृदय आता गरम पाणी सोसणार नाही, म्हणाले डॉक्टर.”

“मग हा तरी कशाला फुगवताय?”

“पलंगावरून दिसतो तिला. रोज विचारते, उद्या मला त्यात बसवाल ना?”

“हे घ्या ठिगळ. जागा कोरडी करून चिकटवा, आणि दिवसभर हवा भरू नका.”

“दिवसभर? मग आज तिला काय सांगू?”